वायफायवर सतरा उपकरणं, घरात माणसं दोन

मिरजेहून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो:

"वय ६१. घरी मी आणि हे, दोघंच. मुलगा नोकरीसाठी म्युनिकला. वरच्या दोन खोल्यांत मेडिकल कॉलेजच्या तीन मुली भाड्यानं राहतात. तीन वर्षांपूर्वी फायबर घेतलं तेव्हा जोडायला आलेल्या मुलानं माझा मोबाइल नंबरच वायफायचा पासवर्ड ठेवला. 'काकू, म्हणजे विसरायला नको,' म्हणाला. तो पासवर्ड वरच्या मुलींना दिला, शेजारच्या वहिनींच्या मुलाला दहावीच्या वर्षी दिला, पाहुण्यांना तर देतोच. गेल्या महिन्यात मुलानं फोनवर एक अॅप टाकायला लावलं. त्यात आमच्या वायफायवर सतरा उपकरणं दिसली. आमची स्वतःची मोजून सहा, त्यातले दोन फाटकावरचे कॅमेरे. चार-पाच उपकरणांना तर नावंच नाहीत. ह्यांचं पेन्शन, मुदतठेवी, सगळं मोबाइलवर आहे. तेव्हापासून नीट झोप नाही. कॉलनीत एक जण घरोघरी 'वायफाय तपासणी' करून देतो, अडीच हजार घेतो. त्याला बोलवू का? मुलगा म्हणतो, सगळ्यांना तोडून टाक. पण शेजाऱ्यांना तोंडावर कसं सांगायचं? आणि हे सगळं माझं मला तपासता येईल का?"

ताई,

येईल. एका रविवारची दुपार लागेल, एक वही लागेल, आणि मुलगा अर्धा तास फोनवर मोकळा हवा. अडीच हजार तूर्त कपाटातच राहू द्या.

आधी झोपेचं बोलू. तुमच्या वायफायवर दुसरं कुणी आहे म्हणून त्याला तुमचं पेन्शन दिसतं, असं नाही. बँकेचं अॅप तुमच्या फोनपासून बँकेच्या संगणकापर्यंत सगळा मजकूर कुलूपबंद करून पाठवतं. त्याच वायफायवर बसलेल्या माणसाला फार तर तुमचा फोन कुठल्या बँकेशी बोलतोय एवढं कळेल. काय बोलतोय ते कळत नाही, यूपीआयचा पिनही कळत नाही. वयस्कर माणसांचे पैसे जातात ते बहुतेक वेळा फोनवरच्या गोड बोलण्यानं, आलेली लिंक दाबल्यानं, कुणाच्या सांगण्यावरून भलतंच अॅप घातल्यानं. तेव्हा मुदतठेवींची काळजी या कारणासाठी तरी सोडा.

काळजी करायची ती तीन गोष्टींची: तुमचे कॅमेरे, राउटरच्या (वायफाय देणाऱ्या डब्याच्या) आतली सेटिंग्ज, आणि तुमच्या नावावर दुसरं कुणी काय करतंय ही. तिसरीकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात, म्हणून ती आधी सांगतो. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. पोलिसांनी माग काढला तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटपाशी येऊन थांबला. तिथे राहणाऱ्या अमेरिकन गृहस्थाच्या नावावर ते कनेक्शन होतं आणि त्याचं वायफाय दुसऱ्याच कुणीतरी वापरलं होतं. त्याचे संगणक जप्त झाले, चौकश्या झाल्या. पुढच्या दोन महिन्यांत असेच ईमेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून गेले. इंटरनेटच्या जगात तुमच्या घराचा जो पत्ता दिसतो, तो सतरा उपकरणांना मिळून एकच असतो. त्यातल्या कुठल्याही उपकरणानं काही केलं तरी विचारणा तुमच्या दारात होते.

आता त्या सतरांकडे येऊ. माझा अंदाज आहे की त्यात चोर एकही नसेल. वरच्या तीन मुली म्हणजे तीन फोन, तीन लॅपटॉप, एखादा टॅब. तिथेच सात झाले. तुमची सहा धरून तेरा. शेजारचा मुलगा चौदावा, आणि दिवाळीत येऊन गेलेल्या भाच्याचा फोनही काही अॅप्सच्या यादीत जुनी नोंद म्हणून दिसत राहतो. पण अंदाजावर थांबायचं नाही, मोजायचं. वहीत दोन रकाने आखा: एका बाजूला घरातली आणि वरची खरी उपकरणं, दुसऱ्या बाजूला अॅपमध्ये दिसणारी. मग एकेक उपकरण बंद करा, अॅपमध्ये पुन्हा यादी काढा, जे नाव गळेल त्यापुढे खूण करा. टीव्ही बंद केला, अमुक ओळ गेली, म्हणजे ती टीव्हीची. शाळेत हजेरी घेतलीत तशीच ही हजेरी, इथे फक्त गैरहजेरीवरून ओळख पटवायची.

बिननावाच्या ओळींनी तुम्हाला घाबरवलंय, त्यांचं कारण बहुधा साधं आहे. प्रत्येक उपकरणाला मॅक अॅड्रेस नावाचा बारा अक्षरी नंबर असतो. पूर्वी तो कारखान्यातूनच ठरून यायचा, त्यामुळे अॅपला कंपनी ओळखता यायची. गेल्या काही वर्षांत अँड्रॉइड आणि आयफोन हे दोन्ही आपला खरा नंबर लपवून प्रत्येक वायफायसाठी वेगळा, बनावट नंबर दाखवतात. दुकानांनी आणि मॉल्सनी फोनचा माग काढू नये म्हणून केलेली ती सोय आहे. ओळखायची खूण अशी: त्या नंबरातलं डावीकडून दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट नंबर, म्हणजे जवळजवळ नक्की कुणाचा तरी फोन नाहीतर नवा लॅपटॉप. तुमचा स्वतःचा फोनही अशीच निनावी ओळ म्हणून दिसत असेल. आधी तोच बंद करून पाहा.

हजेरी घेऊनही एक-दोन ओळी उरतीलच. त्या कुणाच्या हे शोधत बसू नका. पासवर्ड बदलला की ज्याचं बंद पडेल तो आपणहून विचारायला येईल, आणि ज्याचा हक्क नाही तो येणार नाही.

त्या पासवर्डाबद्दल मात्र मला मोकळेपणानं बोलायचंय. मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून ठेवायची ही पद्धत आपल्याकडे गावोगाव दिसते, आणि ती पाहिली की मला खरोखर वाईट वाटतं. जोडणी करणाऱ्या मुलांना दिवसाला आठ-दहा घरं उरकायची असतात, त्यांना दोष देऊन काही होत नाही. पण ग्राहकाच्या घराचं कुलूप लावताना किल्ली पाटीवर लिहून ठेवण्याचा हा प्रकार आहे. तुमचा नंबर दूधवाल्याकडे आहे, किराणावाल्याकडे आहे, कॉलनीच्या गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या पावतीपुस्तकात आहे. तुमच्या वायफायचं नाव जर आडनावावरून असेल, तर कुणालाही संगणकातलं काही यायची गरज नाही, नंबर टाकून पाहिला की झालं.

ज्याला तुमचा नंबर माहीत नाही त्यालाही ते अवघड नाही. तुमचा फोन वायफायला जोडला जातो तेव्हा फोन आणि राउटर यांच्यात चार छोट्या निरोपांची देवाणघेवाण होते. त्यात पासवर्ड उघडपणे कधीच जात नाही, पण पासवर्डापासून तयार केलेला एक पुरावा जातो. रस्त्यावर लॅपटॉप घेऊन थांबलेल्या माणसाला ते निरोप टिपून घेता येतात. मग घरी जाऊन तो एकेक पासवर्ड त्या पुराव्याशी ताडून पाहतो. तुमचा राउटर तेव्हा तिथे लागतच नाही, त्यामुळे कितीही वेळा चुकला तरी तुम्हाला सुगावा लागत नाही. हे काम रेंगाळावं म्हणून प्रत्येक अंदाजाला ४,०९६ वेळा तेच गणित करावं लागेल अशी सोय मुद्दाम ठेवलेली आहे. तरीही महागड्या गेमिंग कॉम्प्युटरमधलं एक ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांहून जास्त पासवर्ड ताडू शकतं. आता हिशेब करा. भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी, पहिला आकडा ६, ७, ८ किंवा ९. म्हणजे सगळे मिळून शक्य नंबर ४०० कोटी. सेकंदाला दहा लाख धरले तर ४,००० सेकंद, सव्वा तासाच्या आत सगळे संपतात. जन्मतारखेचा पासवर्ड तर एका सेकंदाच्या आत सापडतो.

उलट बाजूनं पाहा. तुमच्याकडे मराठीचा शब्दकोश असणारच. डोळे मिटून चार वेळा तो उघडा, चार वेळा बोट ठेवा. पडवी, तुरटी, हिशेबनीस, गारठा, असे एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले चार शब्द येतील. (हेच घेऊ नका, हे आता छापून आले.) ते इंग्रजी अक्षरांत सलग टाइप करा, तुमच्या पद्धतीच्या स्पेलिंगनं. कोश २०,००० शब्दांचा धरला, आणि चोराला तुमचा कोश कुठला हेही ठाऊक आहे असं धरलं, तरी चार शब्दांच्या जुळण्या तपासायला त्याच ग्राफिक्स कार्डाला पाच हजार वर्षं लागतील. फक्त शब्द खरोखर बोट ठेवूनच निवडा. मनानं निवडायला बसलं की साईबाबा, मुलाचं नाव आणि १२३ हेच सुचतं, आणि चोरांच्या याद्यांमध्ये ते सगळ्यांत वर असतं. पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवायला माझी हरकत नाही. राउटरवर चिकटवू नका एवढंच.

हे बदलायला राउटरच्या आत जावं लागेल, आणि पत्रात तुम्ही ज्याचा उल्लेखच केलेला नाही ती मोठी गोष्ट तिथेच आहे. राउटरला दोन पासवर्ड असतात. एक वायफायचा, जो आपण पाहुण्यांना सांगतो. दुसरा राउटरच्या कारभाराचा, जो घरात बहुतेक कुणालाच माहीत नसतो. राउटर उलटा करा. खालच्या स्टिकरवर बारीक अक्षरांत एक पत्ता असेल, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा त्यासारखा. वायफायला जोडलेल्या फोनवर किंवा लॅपटॉपवर ब्राउझर उघडून तो पत्ता इंग्रजी आकड्यांत टाका. नाव आणि पासवर्ड विचारणारं पान येईल. स्टिकरवरचाच किंवा 'अॅडमिन, अॅडमिन' असा टाकून ते उघडलं, तर घराचा कारभार अजून जोडणी करणाऱ्याच्याच हाती आहे असं समजा. ज्याच्याकडे तुमचा वायफायचा पासवर्ड आहे, अगदी शेजारच्या मुलाकडेही, त्याला हे पान उघडता येतं.

यातून काय होतं ते मी आत्याच्या घरी पाहिलंय. तिच्या फोनवर बातम्यांचं साधं पान उघडलं की मध्येच रमीची जाहिरात यायची, कधी 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे' अशी लाल पाटी यायची. तिनं फोन बदलला. नव्या फोनवरही तेच. भावानं फोन तीनदा रीसेट करून दिला. मी दिवाळीत गेलो तेव्हा लक्षात आलं की माझ्याही फोनवर तिच्या घरात असतानाच हे होतंय, फाटकाबाहेर मोबाइल डेटावर नाही. राउटरचं पान उघडलं, अॅडमिन-अॅडमिननं उघडलं. आत डीएनएसच्या रकान्यात कुठलाच ओळखीचा नसलेला एक पत्ता कुणीतरी भरून ठेवला होता. डीएनएस म्हणजे इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरी. आपण संकेतस्थळाचं नाव टाकतो, ती त्याचा नंबर सांगते. तिथे डिरेक्टरीच बदलली होती, त्यामुळे घरातलं प्रत्येक उपकरण चुकीच्या दारावर जात होतं. तो रकाना पुन्हा 'आपोआप' वर ठेवला, कारभाराचा पासवर्ड बदलला, त्या दिवसापासून जाहिराती बंद. दीड वर्ष ती बिचारी आपल्याच हातून काहीतरी चुकतंय असं समजत होती.

म्हणून राउटरच्या पानावर गेलात की पहिलं काम कारभाराचा पासवर्ड बदलायचं. दुसरं, डीएनएसचा रकाना पाहायचा. तो 'आपोआप' वर असेल, किंवा मुलानं स्वतः भरलेला एखादा माहितीतला पत्ता असेल तर ठीक. काही इंटरनेट कंपन्या आपल्या राउटरच्या कारभाराचा पासवर्ड ग्राहकाला देतच नाहीत. तसं असेल तर ग्राहकसेवेला फोन करून मागा आणि मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

तिसरं, त्याच पानावर डब्ल्यूपीएस नावाचा पर्याय असेल, तो बंद करा. पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून जोडण्याची ती सोय आहे. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता, ऐकायला भरपूर. पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून काढलेला असतो, आणि राउटर पहिले चार आणि उरलेले तीन वेगवेगळे तपासून 'अर्धं बरोबर' असं सांगून टाकतो. त्यामुळे चोराला आधी जास्तीत जास्त १०,००० आणि मग १,००० असे मिळून ११,००० प्रयत्न पुरतात. २०११ च्या डिसेंबरात स्टेफान फिबोक या ऑस्ट्रियाच्या संशोधकानं हे उघड केलं. पुढच्या राउटरांत बऱ्याच कंपन्यांनी काही चुका झाल्या की पिन गोठवायची सोय केली, तरी तुमच्या घरी या डब्ल्यूपीएसचा काही उपयोग नाही. शब्दकोशातून काढलेला पासवर्ड पुढच्या दाराला आणि मागच्या दाराला ही कडी, असं नको.

सुरक्षेचा प्रकार विचारणाऱ्या रकान्यात डब्ल्यूपीए३ मिळालं तर उत्तम. वर सांगितलेली निरोप टिपून घरी जाऊन ताडण्याची युक्ती त्याच्यावर चालत नाही. जुना टीव्ही किंवा कॅमेरे त्याला जोडले गेले नाहीत तर डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र असा पर्याय ठेवा, किंवा नुसतं डब्ल्यूपीए२, सोबत एईएस (मजकूर कुलूपबंद करायची पद्धत). डब्ल्यूईपी दिसलं तर राउटरच बदला, ते कुलूप २००१ सालापासून तुटलेलं आहे.

वायफायचं नाव लपवा, ठरावीक मॅक अॅड्रेसनाच आत घ्या, असे सल्ले तुम्हाला मिळतील. त्यात वेळ घालवू नका. लपवलेलं नाव शोधणाऱ्याला काही क्षणांत दिसतं आणि मॅक अॅड्रेस हवेतून वाचून उचलता येतो. त्रास होतो तो आपल्यालाच. नाव लपवण्यापेक्षा ते बदला. आडनाव, बंगल्याचं नाव, राउटरचं मॉडेल यातलं त्यात काही नको. संध्याकाळी फोन हातात घेऊन फाटकाबाहेर चालत जा आणि तुमचं वायफाय कुठवर पोचतं ते पाहा. लोकांना वाटतं त्यापेक्षा ते बरंच लांब जातं. ते नाव रस्त्यावरच्या प्रत्येकाला दिसतंय हे लक्षात ठेवून निवडा.

कॅमेऱ्यांबद्दल मी जरा जास्त आग्रही आहे. २०१६ साली मिराई नावाच्या विषाणूनं जगभरातले लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच्याकडे हुशारी फारशी नव्हती, कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या होत्या, आणि तो दिसेल त्या दारावर त्या एकामागून एक टाकून पाहायचा. तेवढ्यावर २१ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकेत ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळं तासन् तास बंद पडली. ज्यांच्या घरच्या कॅमेऱ्यांनी हे केलं त्यांना पत्ताही नव्हता. तुमच्या दोन्ही कॅमेऱ्यांचा पासवर्ड बदललाय का ते त्यांच्या अॅपमध्ये जाऊन पाहा. सोबत रेकॉर्डरचा डबा असेल तर त्याचाही. आणि राउटरमध्ये यूपीएनपी हा पर्याय बंद करा. तो चालू असला की घरातलं कुठलंही उपकरण तुम्हाला न विचारता बाहेरच्या जगासाठी दार उघडून घेऊ शकतं.

इथे मुलाची मदत घ्या. घरच्या वायफायवरून 'व्हॉट इज माय आयपी' असं शोधा, जो नंबर येईल तो, म्हणजे इंटरनेटवरचा तुमच्या घराचा पत्ता, त्याला कळवा. त्यानं म्युनिकमध्ये बसून तो ब्राउझरमध्ये टाकून पाहावा. काहीच उघडलं नाही तर चांगलं. तिथे तुमच्या राउटरचं किंवा कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरचं लॉगिनचं पान उघडलं, तर ते साऱ्या जगालाही उघडतंय. मग राउटरमधला 'रिमोट मॅनेजमेंट' आणि 'पोर्ट फॉरवर्डिंग' हे दोन रकाने शोधून बंद करायचे. कॅमेरे लावणारी माणसं मोबाइलवर चित्र दिसावं म्हणून पुष्कळदा अशी वाट उघडून देतात आणि ते सांगत नाहीत.

राउटरच्या पानावर 'अपडेट' चा पर्याय असेल, तोही पाहून घ्या. २०१७ मध्ये बेल्जियमच्या लूव्हेन विद्यापीठातल्या मॅथी वानहूफ यांनी डब्ल्यूपीए२ मध्येच एक मूळची चूक दाखवली. ती पासवर्ड बदलून सुटणारी नव्हती, फोन आणि राउटर दोन्हींचे अपडेट घेऊनच ती मिटली. कंपनीचा राउटर असेल तर अपडेट बहुधा आपोआप येतात. येतात ना, एवढं ग्राहकसेवेला विचारा.

आता वरच्या मुली आणि शेजारी. राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असतं. एकाच राउटरमधून दुसरं वायफाय निघतं, त्याला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. त्यावरच्या माणसाला इंटरनेट मिळतं, पण तुमची बाकीची उपकरणं दिसत नाहीत, निदान दिसू नयेत. मुली, पाहुणे आणि कॅमेरे या सगळ्यांना तिथे बसवा. तुमचे दोघांचे फोन आणि लॅपटॉप मुख्य वायफायवर, आणि त्याचा पासवर्ड घराबाहेर कुणालाही नाही. मग खात्री करा: तुमचा फोन गेस्टला जोडा आणि राउटरचा तो पत्ता टाकून पाहा, उघडता कामा नये. तेच अॅप लावून यादी काढा, मुख्य वायफायवरचं काही दिसता कामा नये. दिसत असेल तर 'आयसोलेशन' असा पर्याय शोधून चालू करा.

मुलींना दोन दिवस आधी सांगा, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी हे काम काढू नका. मुली बदलल्या की गेस्टचा पासवर्डही बदला, भाडेकरार संपताना किल्ली परत घेतो तसं.

शेजारच्या वहिनींना काय सांगायचं, हा तुमच्या पत्रातला मला सर्वांत अवघड प्रश्न वाटला. मला वाटतं खरं तेच सांगावं, फक्त त्यात त्यांचा मुलगा येऊ देऊ नये. "वहिनी, मुलानं सगळे पासवर्ड बदलायला लावले. कनेक्शन माझ्या नावावर आहे, काही झालं तर उत्तर मला द्यावं लागतं, म्हणून आता घराबाहेर देत नाही." एवढं पुरे. "तुमचा मुलगा काय पाहतो कुणास ठाऊक" हे वाक्य मनात आलं तरी ओठांवर आणू नका. तो लहानपणापासून तुमच्यासमोर वाढलाय आणि त्यानं काही केल्याचं तुमच्या पत्रात कुठेच नाही. त्याला अभ्यासाला खरोखरच गरज असेल आणि तुम्हाला द्यावंसं वाटत असेल, तर गेस्टचा पासवर्ड द्या. मी स्वतः दिला असता. पण तो तुमच्या मनानं द्या, भिडेनं नको.

अडीच हजारवाल्या माणसाबद्दल. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही, मी त्याला ओळखत नाही. पण तो आला की राउटरच्या कारभाराचा पासवर्ड त्याला द्यावा लागेल, आणि ज्या किल्ल्या गोळा करायला आपण बसलोय त्यातली एक पुन्हा बाहेर जाईल. वर लिहिलेलं झालं की त्याला तपासायला फारसं काही उरतही नाही. आणि एक सांगतो, तुम्हाला नाही तर वरच्या मुलींपैकी कुणाला उत्साह असेल तर तिला: ही तपासणी फक्त आपल्या घरच्या वायफायची. शेजाऱ्याचं कुलूप कच्चं आहे का म्हणून त्याच्या वायफायवर पासवर्ड टाकून पाहणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा ठरू शकतो, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे.

तपासताना खरोखरच काही गैर सापडलं, म्हणजे डीएनएस बदललेला किंवा कॅमेऱ्याच्या अॅपमध्ये अनोळखी वापरकर्ता, तर त्या पडद्याचे फोटो काढून ठेवा आणि मगच बदल करा. पैसे गेले असतील तर त्याच घटकेला १९३० वर फोन. इथे उशीर महागात पडतो.

रविवारी क्रम असा धरा: आधी वहीतली हजेरी, मग कारभाराचा पासवर्ड, मग बाकीचे रकाने, आणि वायफायचा पासवर्ड सगळ्यांत शेवटी. तो बदलला की घरातलं सगळंच एकदम तुटतं, तुम्ही ज्या फोनवरून काम करताय तोसुद्धा. घाबरू नका, नव्या पासवर्डानं पुन्हा जोडा. कॅमेरे पुन्हा जोडायला थोडा त्रास देतात. बहुतेकांना जोडताना फोन २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर (राउटरच्या २.४ आणि ५ अशा दोन लहरींपैकी पहिलीवर) असावा लागतो. एकेक कॅमेरा राउटरच्या जवळ आणून जोडा आणि मग जागेवर लावा. नाहीच जमलं तर कॅमेऱ्याच्या मागच्या स्टिकरवरचं मॉडेलचं नाव मला लिहून पाठवा, पुढच्या अंकात त्याचंच सांगतो.